मत वाया जाते तेव्हा : बुलढाण्यातून तिसऱ्या पक्षाकडे पाहताना

मराठीत ‘मत’ या एकाच शब्दाने दोन गोष्टी सांगितल्या जातात. माणसाचा विचार, त्याचा अभिप्राय म्हणजे मत. आणि निवडणुकीच्या दिवशी तो यंत्रावर जे नोंदवतो तेही मतच. अनेक भाषांनी या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र शब्द ठेवले आहेत. आपल्याकडे शब्द एकच असल्यामुळे ‘मतदान’ म्हणताना आपण एक गोष्ट नकळत गृहीत धरतो. ज्याचे जे मत असेल, तेच तो देईल, असे ते गृहीतक आहे. निवडणुका जवळ आल्या की हे गृहीतक किती कच्चे आहे ते कळू लागते. मेहकर असो, लोणार असो वा चिखली, पारावरच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : ‘माणूस चांगला आहे, पण मत वाया जाईल.’ या वाक्याच्या पूर्वार्धात मतदाराने आपले मत सांगितलेले असते आणि उत्तरार्धात ते न देण्याचे ठरवलेले असते. एका शब्दाचे दोन अर्थ इथे एकमेकांपासून वेगळे होतात.

अपक्ष उमेदवार आणि दोन मोठ्या आघाड्यांबाहेरचे पक्ष वारंवार का हरतात, या प्रश्नाचा विचार साधारणपणे पैसा, जात, संघटना आणि नेतृत्व यांच्या अंगाने केला जातो. ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांच्याही मुळाशी मते मोजण्याची एक विशिष्ट रीत आहे, आणि त्या रीतीला महाराष्ट्रात सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास आपल्या जिल्ह्यापासून सुरू करून मागे नेला, तर तिसऱ्या पक्षाच्या अपयशाला मतदाराचा भित्रेपणा किंवा उमेदवाराची दुर्बलता म्हणून निकालात काढता येत नाही, असे आम्हांस वाटते.

चार आकडे

बुलढाणा लोकसभा मतदारसंघात २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले आणि ४ जून रोजी निकाल लागला. महायुतीकडून शिवसेनेचे प्रतापराव जाधव यांना ३ लाख ४९ हजारांहून अधिक मते मिळाली. महाविकास आघाडीकडून शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे नरेंद्र खेडेकर यांना सुमारे ३ लाख २० हजार मते मिळाली. सोयाबीन आणि कापसाच्या भावासाठी केलेल्या आंदोलनांतून पुढे आलेले रविकांत तुपकर हे अपक्ष उभे होते. त्यांना जवळपास अडीच लाख मते मिळाली. वंचित बहुजन आघाडीचे वसंतराव मगर यांना ९८ हजारांहून अधिक मते मिळाली. जाधव २९ हजार ४७९ मतांनी विजयी झाले आणि पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. तुपकर आणि मगर यांच्या मतांची बेरीज ३ लाख ४८ हजारांच्या घरात जाते, म्हणजे विजयी उमेदवाराच्या मतांच्या जवळजवळ बरोबरीने. ही सारी मते एका विचाराची होती असे मुळीच नव्हे. शेतमालाच्या भावाचा प्रश्न घेऊन उठलेला मतदार आणि आंबेडकरी-बहुजन राजकारणाचा मतदार हे दोन वेगळे प्रवाह आहेत. त्यांच्यात जशी जवळीक आहे तसे ताणही आहेत. मुद्दा इतकाच की दोन्ही आघाड्यांना बाजूला ठेवून मत देणारे लोक या मतदारसंघात साडेतीन लाखांच्या आसपास होते, आणि लोकसभेत त्यांच्या वाट्याला काहीही आले नाही. विजयी उमेदवारालाही झालेल्या मतदानाच्या एक तृतीयांशाहून कमीच मते होती. मगर यांची तर अनामत रक्कमही वाचू शकली नाही, कारण ती परत मिळण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात. जवळपास एक लाख माणसांनी विश्वास टाकला, आणि कायद्याच्या भाषेत ती उमेदवारी दखल घेण्याजोगी ठरली नाही.

घरे दोनच

मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञाने १९५१ साली राजकीय पक्षांवरील आपल्या ग्रंथात एक निरीक्षण मांडले. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, अशी रीत असेल तर स्पर्धा हळूहळू दोघांत येऊन ठरते. त्याची त्याने दोन कारणे सांगितली. पहिले कारण मोजणीचे. तिसऱ्याला पाचवा हिस्सा मते मिळाली तरी जागांचा पाचवा हिस्सा मिळत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी तो मागेच राहतो. दुसरे कारण मनाचे. हे असेच होणार, हे मतदाराला दोनचार निवडणुकांत कळते. मग तो मनातला उमेदवार सोडून, नको असलेल्याला पाडू शकेल अशा उमेदवाराकडे वळतो. आपले ‘मत वाया जाईल’ हे वाक्य म्हणजे या दुसऱ्या कारणाचे मराठी रूप होय. ते ग्रंथ वाचून आलेले नाही. अनुभवातून आलेले आहे.

जगात याची उदाहरणे विपुल आहेत. ब्रिटनमध्ये १९८३ साली सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल यांच्या आघाडीला २५.४ टक्के मते आणि २३ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा. अमेरिकेत १९९२ साली रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मते मिळाली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातले एकही मत मिळाले नाही. याउलट १९६८ साली जॉर्ज वॉलेस यांनी साडेतेरा टक्क्यांच्या आसपास मते घेऊन तिथली ४६ मते मिळवली, कारण त्यांचे मतदार दक्षिणेतल्या काही राज्यांत एकवटलेले होते. अर्थात तिसऱ्याला किती लोक मानतात यापेक्षा ते लोक कुठे राहतात याला या रीतीत अधिक किंमत असते.

महाराष्ट्रात पक्ष दोन नाहीत हे उघड आहे. आज तर दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी धरून ते मोजणेही कठीण झाले आहे. तरीही प्रत्येक मतदारसंघात लढतीची घरे दोनच राहतात. त्यांत राहणारे बदलतात. मेहकर विधानसभा मतदारसंघ याचा नमुना आहे. प्रतापराव जाधव १९९५, १९९९ आणि २००४ अशा तीन निवडणुकांत शिवसेनेतर्फे येथून निवडून आले. पुनर्रचनेनंतर २००९ पासून हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि पुढच्या तिन्ही निवडणुका शिवसेनेचेच संजय रायमूलकर जिंकले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. एक पक्ष मधोमध दुभंगल्यावर तिसऱ्या कुणाला तरी वाव मिळेल, अशी अपेक्षा कोणी केली असती तर ती तर्काला धरूनच होती. प्रत्यक्षात २०२४ च्या विधानसभेत लढत झाली ती फुटलेल्या दोन तुकड्यांतच. एका शिवसेनेचे रायमूलकर हरले, दुसरीचे सिद्धार्थ खरात पाच हजारांहून कमी मतांनी जिंकले. लोकसभेतही पहिले दोन उमेदवार दोन शिवसेनांचेच होते. काँग्रेस, जी कधीकाळी या भागातले पहिले घर होती, तिचा या दोन्ही निवडणुकांत स्वतःचा उमेदवारच नव्हता. पक्ष आत आले, बाहेर गेले, तुटले. घरांची संख्या मात्र वाढली नाही.

हे केवळ पक्षांच्या संगनमताने होते असे कोणी म्हणेल, तर त्याने गावाकडे पाहावे. ग्रामपंचायतीच्या निवडणुका महाराष्ट्रात पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. तरी बहुतेक गावांत उभी राहतात ती दोन पॅनेलेच. तिसरे पॅनेल उभे राहिलेच तर ‘ते कोणी उभे केले’ याची चर्चा आधी सुरू होते. पक्ष नसतानाही दोन बाजू तयार होतात, याचा अर्थ मूळ पक्षांत नसून मोजणीत आहे.

१९३७ ते १९५२ : शस्त्र आणि कचरा

मोजणीची रीत बदलली तर काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला युरोपात जाण्याची गरज नाही. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी निवडणूक झाली तेव्हा अनेक मतदारसंघांतून एकाहून अधिक प्रतिनिधी निवडले जात होते. मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. या रीतीला संचयी मतदान म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने या निवडणुकीत १७ जागा लढवल्या आणि १४ जिंकल्या. ज्या समूहाची संख्या मतदारसंघात थोडी होती, त्याने आपली सारी मते एका ठिकाणी टाकली आणि ती संख्या प्रतिनिधित्वात उतरली. काँग्रेससारख्या प्रचंड पक्षासमोर अवघ्या वर्षभरापूर्वी जन्मलेला पक्ष उभा राहू शकला, याचे श्रेय नेतृत्वाला आणि चळवळीला आहेच. पण मते गोळा करून ठेवता येतील अशी रीत होती, हेही विसरता येत नाही. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता.

गंमत अशी की स्वतंत्र भारताच्या संविधान सभेत या रीतीची मागणी मांडली ती वऱ्हाडाकडूनच आलेल्या एका सदस्याने. मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी १९४९ मध्ये लोकसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, बहुसदस्य मतदारसंघांतून आणि संचयी मताने व्हावी, अशी दुरुस्ती सुचवली. तिला विरोध केला तो आंबेडकरांनी. त्यांचे दोन आक्षेप होते. देशात साक्षरता फार थोडी आहे, तेव्हा ही पद्धत मतदाराला पेलणार नाही. आणि तिच्यामुळे सभागृह अनेक लहान गटांत विखुरले जाऊन सरकार स्थिर राहणार नाही. फाळणीनंतर दीड वर्षाच्या आतले ते दिवस होते. स्थिर सरकारची चिंता तेव्हा पोकळ नव्हती, आणि आंबेडकर स्वतःच्या पक्षाचा लाभ बाजूला ठेवून बोलत होते हेही नोंदवले पाहिजे. दुरुस्ती फेटाळली गेली.

तीन वर्षांनी या निर्णयाची किंमत त्यांनाच मोजावी लागली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आंबेडकर उत्तर मुंबई मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे राहिले. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मते होती, परंतु ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. तशी दिली तर एक बाद होत असे. आंबेडकरांना १ लाख २३ हजार ५७६ मते मिळाली, काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १ लाख ३८ हजार १३७. म्हणजे पराभव साडेचौदा हजारांचा. आणि त्या मतदारसंघात वाया गेलेल्या मतांचा आकडा होता ७४ हजार ३३३. दुसरे मत राखीव जागेच्या उमेदवाराला न देता ‘कुजवावे’ असा प्रचार झाल्याचा आरोप करून आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली.

‘मत कुजवणे’ हा शब्दप्रयोग मराठी राजकीय भाषेला या प्रसंगाने दिलेला ठेवा आहे, आणि तो फार बोलका आहे. १९३७ मध्ये सगळी मते एकाच ठिकाणी टाकणे हे अल्पसंख्य समूहाचे शस्त्र होते. १९५२ मध्ये तीच कृती मत बाद करण्याचे साधन झाली. मतदार तेच, नेता तोच, शहरही तेच. मधल्या काळात बदलली ती मोजण्याची रीत. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले आणि ‘एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी’ हे सूत्र पक्के झाले.

आघाडीत शिरणे, आघाडीबाहेर पडणे

ही रीत पक्की झाल्यावर तिसऱ्या पक्षापुढे दोनच वाटा उरतात. एक, दोनपैकी एका घरात भाडेकरू म्हणून शिरणे; दुसरी, बाहेर राहून हरणे. रिपब्लिकन चळवळीने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समिती हे काँग्रेससमोरचे दुसरे घर होते. तिच्यासोबत लढून दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. १९६२ मध्ये समितीची ती एकजूट उरली नव्हती, आणि काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. रिपब्लिकन पक्षाला त्या वर्षी लोकसभेत तीन जागा मिळाल्या, पण त्या तिन्ही उत्तर प्रदेशातल्या. ज्या महाराष्ट्रात तो जन्मला तिथे एकही नाही.

आपल्या बुलढाण्याने १९७७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई यांना लोकसभेत पाठवले. ही घटना जिल्ह्याच्या राजकीय स्मृतीत असायला हवी तितकी नाही. परंतु तेही घडले ते आणीबाणीनंतर देशभर काँग्रेसविरोधी असे एकच घर उभे राहिले होते म्हणून. १९९८ मध्ये रिपब्लिकन नेते एकत्र आले आणि काँग्रेसशी समझोता झाला तेव्हा अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे चौघे निवडून आले. चारही जागा राखीव नव्हत्या, ही त्या निवडणुकीची खरी थोरवी. पण ऐक्य टिकले नाही, आणि आघाडीबाहेर राहिल्यावर काय होते तेही लगेच दिसत गेले. अकोल्यात २०२४ साली प्रकाश आंबेडकरांना पावणेतीन लाखांहून अधिक मते मिळूनही ते तिसरे आले.

साहित्याच्या अभ्यासकांना इथे आणखी एक धागा सापडेल. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचा विचार आपण नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या लेखनाच्या संदर्भात करतो. परंतु पँथरच्या जन्मामागे रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीविषयीची आणि सत्ताधाऱ्यांच्या दारात उभे राहण्याच्या राजकारणाविषयीची चीडही होती. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा पँथरने स्वतःचा उमेदवार उभा न करता बहिष्काराची हाक दिली. त्या निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक हरले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. या लेखक-कार्यकर्त्यांना द्युव्हर्जेच्या निरीक्षणाची दुसरी बाजू उमगली होती, असे आम्हांस वाटते. दोघांच्या लढतीत तिसऱ्याच्या हाती जिंकणे नसते. आपले मत रोखून धरणे मात्र असते. कवितेत त्यांनी प्रस्थापितांची भाषा नाकारली आणि मतपेटीजवळ त्यांनी प्रस्थापितांचा पर्यायच नाकारला.

कायद्याचा कल

मोजणीच्या रीतीवर कायद्याने आणखी काही थर चढवले आहेत. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर सुमारे १४ हजार उमेदवार उभे राहिले. तमिळनाडूतील मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात तर एकट्याने हजाराहून अधिक उमेदवारांचा विक्रम केला. त्यानंतर त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. अनामत रक्कम वाढली. ती आज सर्वसाधारण उमेदवारासाठी लोकसभेला २५ हजार आणि विधानसभेला १० हजार आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग केवळ नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष असा क्रम ठरला. प्रचाराचा किमान काळ वीस दिवसांवरून चौदा दिवसांवर आला. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी मरण पावला तर मतदान पुढे ढकलले जाते, अपक्षाच्या मृत्यूने ते ढकलले जात नाही.

यातली प्रत्येक तरतूद वेगळी पाहिली तर समजण्याजोगी आहे. हजार नावांची मतपत्रिका हा लोकशाहीचा उत्सव नव्हे. पण सगळ्या तरतुदींचा एकत्रित कल कुठे आहे हेही दिसते. अपक्षाला चिन्ह मिळते ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. बुलढाण्यात २०२४ साली ती मुदत ८ एप्रिलला संपली आणि मतदान २६ एप्रिलला झाले. घाटावरच्या मेहकर-लोणारपासून घाटाखालच्या खामगाव आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदपर्यंत, सहा विधानसभा क्षेत्रांतल्या साडेसतरा लाखांहून अधिक मतदारांपर्यंत एक नवे चिन्ह पोहोचवण्यासाठी दोन-अडीच आठवडे. मोठ्या पक्षाचे चिन्ह तेवढ्याच काळात मतदाराला केवळ आठवून द्यायचे असते. खर्चाची मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारकांची यादी देता येते आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. अपक्षाला अशी यादीच नसते.

चिन्हाच्या या गर्दीतून कधी उलटाच प्रकार घडतो. साताऱ्यात २०२४ साली ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह असलेले शशिकांत शिंदे ३२ हजार ७७१ मतांनी हरले, आणि त्याच निवडणुकीत नुसती तुतारी हे चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते पडली. दिंडोरीत अशाच चिन्हाच्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते मिळाली. ती मते कोणाची होती हे मतदारालाच ठाऊक. पण इथे ‘मत’ दिले गेले आणि त्यामागचे मत मात्र बहुधा दुसरीकडेच होते. आरंभी सांगितलेली फारकत इथे अगदी दुसऱ्या टोकाला गेली.

जे जिंकले ते

अपवाद आहेत, आणि ते नियमाइतकेच शिकवतात. सांगलीत २०२४ साली विशाल पाटील अपक्ष म्हणून एक लाखाहून अधिक मताधिक्याने जिंकले. परंतु तिथे महाविकास आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६१ हजारांच्या आसपासच मते पडली. दुसऱ्या घराची मालकी मतदारांनी मतदानापूर्वीच अपक्षाकडे सोपवली होती. कोल्हापुरात २००९ साली सदाशिवराव मंडलिक अपक्ष जिंकले तेही जिल्ह्याच्या राजकारणात अनेक दशके रुजलेले नेते म्हणून. औरंगाबादेत २०१९ मध्ये वंचित आघाडीसोबतच्या एमआयएमचे इम्तियाज जलील साडेचार हजारांच्या आत जिंकले. तिथे अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना २ लाख ८३ हजारांच्या आसपास मते होती, त्यामुळे लढतच तिरंगी झाली आणि थोड्या टक्क्यांवर जागा निघाली. अचलपुरातून बच्चू कडू २००४, २००९ आणि २०१४ असे तीनदा अपक्ष निवडून आले. विधानसभेच्या लहान क्षेत्रात माणूस स्वतःच चिन्ह होऊ शकतो. २०२४ मध्ये तेही हरले.

याचा अर्थ असा की तिसरा कधीच जिंकत नाही हे खरे नाही. तिसरा म्हणून तो जिंकत नाही, हे खरे आहे. मतदानाच्या दिवसापूर्वी त्याला दुसरा व्हावे लागते. ‘हा येऊ शकतो’ ही चर्चा गावोगाव सुरू झाली तर मते वाहू लागतात, आणि ‘हा येणार नाही’ असे ठरले की आटतात. बुलढाण्यात अडीच लाखांपर्यंत गेलेला प्रवाह या उंबरठ्याच्या अलीकडे थांबला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

हे सारे मांडताना अपक्ष या शब्दाभोवती तेजोवलय उभे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९५ च्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते, आणि त्यांत उमेदवारी नाकारलेले बंडखोर मोठ्या संख्येने होते. शिवसेना-भाजप युतीकडे १३८ जागा होत्या. सरकार उभे राहिले ते अपक्षांच्या आधारावर. पक्षाबाहेर असणे म्हणजे सौदेबाजीच्याही बाहेर असणे नव्हे, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले आणि नंतरही पाहत आला. सभागृह विखुरले तर काय होते, ही आंबेडकरांची १९४९ ची चिंता अशा वेळी आठवते. दोन आघाड्यांमुळे सरकार कोणाचे येणार आणि कोणाला पाडायचे हे मतदाराला आधी कळते, हाही त्यांचा गुण मान्य केला पाहिजे.

मात्र पुढचा क्रमही पाहावा. विधानसभेतील अपक्षांची संख्या १९९९ मध्ये १२, २००४ मध्ये १९, २००९ मध्ये २४, २०१४ मध्ये ७, २०१९ मध्ये १३ आणि २०२४ मध्ये अवघी २ अशी होती. बंडखोर अपक्ष कमी झाले याचे दुःख करण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांचा आहे, ज्यांना कोणत्याच घरात जागा नव्हती आणि म्हणून ज्यांनी बाहेरून दार ठोठावले. पश्चिम विदर्भात सोयाबीनचा भाव आणि आंबेडकरी स्वाभिमान हे दोन विषय गेली कित्येक वर्षे लोकांना रस्त्यावर आणत आहेत. रस्त्यावर जे मोठे दिसते ते सभागृहात दिसत नाही. तेव्हा माणसे एक तर राजकारणावरचा विश्वास गमावतात, नाही तर आपल्या नेत्याने कोणत्या तरी घरात शिरावे असा धोशा लावतात आणि तो शिरला की त्याला विकला गेला म्हणतात. या दोन्ही गोष्टी आपण आपल्या आसपास पाहतो.

भाषेचा हिशेब

शेवटी पुन्हा भाषेकडे येऊ, कारण आपला व्यवसाय तिचा आहे. तिसऱ्या उमेदवाराविषयी आपण वापरतो ती क्रियापदे तपासण्यासारखी आहेत. तो मते ‘खातो’, मते ‘फोडतो’, मते ‘कापतो’. त्याला दिलेले मत ‘वाया जाते’ किंवा ‘कुजते’. ही सर्व क्रियापदे एक गोष्ट गृहीत धरतात. मते मुळात दोनपैकी कोणाच्या तरी मालकीची होती, आणि तिसऱ्याने येऊन ती लुबाडली. बुलढाण्यात २०१९ साली वंचितच्या बळीराम सिरस्कारांना १ लाख ७२ हजारांहून अधिक मते पडली आणि जय-पराजयाचे अंतर १ लाख ३३ हजारांचे होते. तेव्हाही हेच बोलले गेले आणि २०२४ मध्येही. त्या पावणेदोन लाख माणसांना आपले स्वतःचे काही म्हणणे असू शकते, ही शक्यता या क्रियापदांत बसत नाही.

‘पक्ष’ या शब्दालाही आपल्या परंपरेत मोठा इतिहास आहे. वादात पूर्वपक्ष असतो आणि उत्तरपक्ष असतो. शास्त्रकार आधी पूर्वपक्ष पूर्ण बळाने मांडतात आणि मगच त्याचे खंडन करतात. खंडन झाले म्हणून पूर्वपक्ष ग्रंथातून पुसला जात नाही. तो तिथे राहतो, आणि पुढच्या पिढीतला एखादा वाचक तोच उचलून नवा वाद उभा करतो. निवडणुकीच्या मोजणीत हरलेल्या पक्षाला अशी जागा नाही. निकालाच्या तक्त्यात पहिले दोन रकाने नावांचे असतात, बाकी सारे ‘इतर’ या एका शब्दात जातात.

मोजणीची रीत बदलावी की नाही, यावर आमच्यातही एकमत नाही. संचयी मत, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, दोन फेऱ्यांचे मतदान या प्रत्येकाचे गुणदोष आहेत. परंतु १९४९ मध्ये दिलेल्या दोन कारणांपैकी निरक्षरतेचे कारण आज त्या जोराने मांडता येणार नाही, हे मान्य करून तरी ही चर्चा पुन्हा सुरू व्हावी. तोवर इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी एवढे निश्चित करावे. जिल्ह्याचा राजकीय इतिहास विजेत्यांच्या यादीवरून लिहू नये. १९७७ चे गवई, २०१९ चे सिरस्कार, २०२४ चे तुपकर आणि मगर यांना मिळालेली मते त्या त्या काळातली लोकांची मते होती, या शब्दाच्या पहिल्या अर्थाने. दुसऱ्या अर्थाने ती हरली. पहिल्या अर्थाने त्यांची नोंद ठेवणे हे तर आपल्याच हातात आहे.